भिंत आणि जांभळा रंग : मार्कंडा परिसरातील घरांच्या अंतर्भागाच्या निमित्ताने काही विचार

१

वैनगंगेच्या डाव्या तीरावरील मार्कंडा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकास परिचित आहे ते तेथील देवालयसमूहामुळे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३–७५ या काळातील मध्यप्रांताच्या दौऱ्यांच्या अहवालात या समूहाचे वर्णन केले, तेव्हापासून तेथील शिल्पे, शिखरे आणि त्यांचा काळ यांविषयी लेखन होत आले आहे. हे गाव पूर्वी चांदा जिल्ह्यात मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि मार्कंडा त्याच्या चामोर्शी तालुक्यात समाविष्ट झाले. महाशिवरात्रीच्या यात्रेस येणारा भाविक ज्याप्रमाणे नदीत स्नान करून थेट देवळाकडे वळतो, त्याप्रमाणे अभ्यासकही थेट देवळाकडेच वळतो. वाटेवरील घरांकडे दोघांचेही लक्ष जात नाही.

हे दुर्लक्ष अकारण नाही. दगड टिकतो; माती दर वर्षी नव्याने सारवावी लागते. बांबूच्या कुडाची अथवा कच्च्या विटांची भिंत, तिच्यावर माती आणि शेण यांचा लेप, त्यावर पांढऱ्या मातीचा वा चुन्याचा हात, आणि खालच्या अंगाला गेरूचा पट्टा, हे या वनप्रदेशातील घराच्या अंतर्भागाचे सर्वसाधारण रूप. ते एका पावसाळ्यात उतरते व पावसाळा संपताच पुन्हा चढविले जाते. ज्या वस्तूचा जीर्णोद्धार प्रतिवर्षी होतो तिचे जुनेपण डोळ्यांस दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते इतिहासात येत नाही.

प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित भिंतीचा विचार एका मर्यादित प्रश्नाच्या आधारे करावयाचा आहे. घराच्या आतील भिंतीस गडद जांभळा रंग देणे ही आज कोणासही सुचणारी गोष्ट आहे. रंगविक्रेत्याजवळील नमुन्यांच्या पत्रकात त्याच्या अनेक छटा असतात व यंत्राच्या साह्याने हवी ती छटा काही मिनिटांत मिसळून मिळते. परंतु जुन्या भिंतीच्या रंगसंभारात या रंगास जागा नव्हती. ज्या प्रदेशात जांभळाची झाडे विपुल, ज्याच्या रानात पळस आणि कुसुम यांवर लाख धरते, ज्याच्या विणकरांचे कोशाचे वस्त्र प्रसिद्ध, त्या प्रदेशात लुगड्यावर सहज उतरणारा रंग भिंतीवर का उतरला नाही? या प्रश्नाचे उत्तर अभिरुचीत किंवा धर्मभावनेत शोधण्याचा मोह होतो. ते उत्तर मुख्यतः भिंतीच्या द्रव्यात आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम भाषेची साक्ष घेऊ. मराठीत वस्त्रांच्या रंगांची जी नावे रूढ आहेत त्यांपैकी जांभळ्या वर्गातील नावे पाहावीत : जांभळा, वांगी, अंजिरी, आमसुली. ही सर्व फळांवरून आलेली नावे असून ती डोळ्यांस दिसणाऱ्या छटेचा निर्देश करतात. तो रंग कशापासून केला हे ती सांगत नाहीत. आता भिंतीच्या रंगांची नावे पाहावीत : चुना, गेरू, काव, पिवडी, हिरमजी, काजळी, नीळ. ही छटांची नावे नसून द्रव्यांची नावे आहेत. 'भिंतीला गेरू दिला' असे आपण म्हणतो, 'भिंत तांबडी केली' असे क्वचितच म्हणतो. वस्त्र रंगविणारा रंगारी छटा विकत असे, भिंत रंगविणारा मात्र मातीच आणून लावीत असे. या दुसऱ्या यादीत जांभळ्या रंगाचे एकही द्रव्य नाही, ही गोष्ट आकस्मिक नव्हे. जांभळी माती खाणीत सहसा सापडत नाही.

संस्कृत ग्रंथांतही हाच भेद निराळ्या रूपाने आढळतो. नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या प्रकरणात सित, नील, पीत व रक्त असे चार मूळ वर्ण सांगून त्यांच्या मिश्रणांची नावे दिली आहेत. तेथे नील व रक्त यांच्या संयोगास 'काषाय' म्हटले आहे. पुढे काषाय हा शब्द संन्याशाच्या भगव्या-तांबूस वस्त्रासाठी रूढ झाला, आणि निळ्या-तांबड्याच्या मिश्रणाचे मूळचे नाव जणू रिकामे झाले. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात चित्रकर्मासाठी शंखाचे पांढरे, हिंगूळ, लाक्षारस, गेरू, हरताळ आणि काजळ या द्रव्यांचा उल्लेख येतो. यांतील लाक्षारस हे रंजक आहे, बाकीची बहुतांश खनिजे आहेत. चित्रकाराच्या पेटीत लाखेचा रस होता. पण चित्राचे क्षेत्र हातभर आणि घराच्या भिंतीचे क्षेत्र खोलीभर, हा फरक विसरून चालणार नाही.

विदर्भाच्या संदर्भात अजिंठ्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील १६ वे लेणे वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात कोरविले. अजिंठ्याच्या चित्रांत लाल व पिवळी गेरूवर्गीय माती, हिरवी माती, काजळी, पांढरी द्रव्ये आणि बाहेरून आणविलेला लाजवर्द ही रंगद्रव्ये आढळून आली आहेत. स्वतंत्र असे जांभळे रंगद्रव्य त्यांत नाही. राजाश्रय, कुशल चित्रकार आणि परदेशी लाजवर्द विकत घेण्याची ऐपत असूनही जेथे जांभळ्याचे वेगळे द्रव्य नव्हते, तेथे वैनगंगेकाठच्या शेतकऱ्याच्या माजघरात ते असावे ही अपेक्षाच अवास्तव ठरते.

३

वस्त्रावर जो रंग सुलभ तो भिंतीवर दुर्लभ का, याचे कारण रंजक आणि रंगद्रव्य यांतील भेदात आहे. रंजक पाण्यात विरघळते, तंतूच्या आत शिरते व तुरटी किंवा लोहक्षार यांच्या साह्याने तेथे पक्के बसते. मंजिष्ठा किंवा आल यांच्या मुळांतील रंजक तुरटीने तांबडे होते, लोहक्षाराने जांभळट होते आणि दोन्हींच्या मिश्रणाने गडद तपकिरी होते. निळीत बुडविलेले वस्त्र पुन्हा लाखेत वा मंजिष्ठेत बुडविले तरी जांभळी छटा मिळते. हे सारे अल्प द्रव्यात साधते, कारण रंग तंतूत मुरतो. भिंतीवर मात्र रंगाला मुरावयाचे नसते, झाकावयाचे असते. त्यासाठी न विरघळणारी, जाड कणांची आणि भरपूर प्रमाणात मिळणारी पूड लागते. गेरू टोपलीने मिळतो. लाखेचा रंग मात्र काड्यांवरील लाख धुवून काढावा लागतो आणि तो तोळ्यामाशांत मोजण्याइतकाच निघतो.

दुसरे कारण चुन्याचे आहे. भिजविलेला चुना तीव्र क्षारधर्मी असतो, आणि वनस्पतींतील बहुतेक जांभळ्या रसांना क्षार सोसत नाही. जांभळाच्या सालीतील रंजक आम्लात तांबूस, तर क्षारात निळसर-हिरवट होते आणि शेवटी मळकट पिवळे पडते. जांभूळ खाऊन डागाळलेले बोट चुन्याच्या निवळीत बुडविल्यास हा प्रयोग कोणासही क्षणात पाहता येईल. लाखेचे रंजक याला काहीसे अपवाद आहे, ते क्षारात उलट जांभळटच होते. परंतु त्याच्या दुर्मिळपणाचा विचार वर केलाच आहे, आणि उजेडात ते दीर्घकाळ टिकतही नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, या प्रदेशातील पुष्कळशी घरे चुन्याची नसून मातीची होती; पांढऱ्या मातीत चुन्याची दाहकता नसते; मग तेथे काय अडचण होती? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ऋतुचक्रात सापडते. जांभूळ पिकते ते उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाच्या तोंडावर. घराची डागडुजी, सारवण आणि रंगकाम निघते ते पावसाळा ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास. ज्या वेळी रस उपलब्ध त्या वेळी भिंत ओली, आणि ज्या वेळी भिंत कोरडी त्या वेळी झाडावर फळ नाही. गेरू आणि पांढरी माती यांना ऋतू नसतो. शिवाय जी भिंत पुढच्या सणाला पुन्हा सारवावयाची, तिच्यावर कष्टाने मिळविलेला रस खर्ची घालण्याचे प्रयोजनही नव्हते.

तिसरे कारण उजेडाचे. मातीच्या जुन्या घरात दार एक, खिडकी असली तर हातभर. चुन्याची स्वच्छ पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे चार-पंचमांश भाग परत फेकते. गडद जांभळी भिंत दहाव्या हिश्श्याहूनही कमी. दारातून येणारा दिवसाचा उजेड आणि रात्री तेलाचा दिवा, एवढ्यावर ज्या घराचा व्यवहार चालावयाचा तेथे गडद भिंत म्हणजे दिवसाढवळ्या अंधार. म्हणूनच वर पांढरा आणि खाली गेरूचा पट्टा ही योजना सर्वत्र दिसते : जेथे पाठ टेकते, पाण्याचे शिंतोडे उडतात, हात लागतात तेथे मळखाऊ गडद रंग, आणि जेथून उजेड परतावयाचा तेथे पांढरा. ही केवळ सजावट नव्हे, ती काटकसरीची प्रकाशयोजना होय.

४

जांभळ्याच्या अभावाचा अर्थ धार्मिक निषेधाशी जोडण्याची एक प्रवृत्ती आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात ब्राह्मणाने ज्या वस्तूंचा विक्रय करू नये त्यांत नीळ आणि लाख यांची नावे एकत्रच येतात. जांभळी छटा ज्या दोन द्रव्यांपासून सिद्ध होते तीच ही दोन द्रव्ये, हा योगायोग लक्षवेधक आहे खरा. परंतु तो निषेध एका वर्णाच्या व्यापाराविषयी आहे. मार्कंड्याच्या आसपास राहणाऱ्या गोंड, कुणबी, कोष्टी, ढीवर इत्यादी समाजांच्या भिंतींचे नियमन त्याने झाले असे मानण्यास आधार नाही.

याच्या उलट दुसरी प्रवृत्ती म्हणजे जांभळ्या रंगास राजवैभवाचे चिन्ह मानणे. ही समजूत भूमध्यसागरी प्रदेशातून आलेली आहे. तेथे शंखवर्गीय प्राण्यांपासून निघणारा टायर नगरीचा जांभळा रंग अतिशय मौल्यवान होता. १९०९ मध्ये पाउल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० प्राण्यांपासून अवघे १.४ ग्रॅम रंजक मिळविले, यावरून त्याच्या मोलाची कल्पना येते. ते रंजक निळीचेच जवळचे आप्त आहे, हेही त्याच संशोधनात सिद्ध झाले. आपल्याकडे मात्र जांभळे वस्त्र नीळ, मंजिष्ठा, आल, लाख अशा बाजारात मिळणाऱ्या द्रव्यांपासून होत असे. तेव्हा एखाद्या जुन्या वाड्यात जांभळट भिंत दिसली की तीवरून सत्तेचा व वैभवाचा निष्कर्ष काढणे म्हणजे रोमच्या सम्राटाचा झगा वऱ्हाड-झाडीच्या खुंटीवर टांगण्यासारखे आहे.

५

भिंतीवर जांभळा रंग शक्य झाला तो एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रामुळे, आणि तोही टप्प्याटप्प्याने. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिन येथे सापडलेला प्रशियन निळा रंग चुन्यात तपकिरी पडत असल्यामुळे चुन्याच्या भिंतीस निरुपयोगी होता. लाजवर्दासारखा निळा रंग कृत्रिम रीतीने व स्वस्तात करणाऱ्यास १८२४ मध्ये फ्रान्समध्ये पारितोषिक जाहीर झाले, आणि १८२८ मध्ये ते गिमे यास मिळाले. ही कृत्रिम निळी पूड चुन्यात अबाधित राहते. कपड्यांना देण्याची नीळ म्हणून ती पुढे आपल्या बाजारात आली, आणि चुन्याचा पिवळटपणा मारण्यासाठी सफेतीत मिसळली जाऊ लागली.

येथे कागदपत्रे वाचणाऱ्यांसाठी एक सूचना करणे आवश्यक वाटते. 'नीळ' हा शब्द जुन्या हिशेबांत वनस्पतिजन्य नीळ या अर्थाने येतो. विसाव्या शतकातील सफेतीच्या संदर्भात तोच शब्द या कृत्रिम खनिज पुडीस लागतो. शब्द एक, द्रव्ये दोन. १८९७ मध्ये जर्मनीत वनस्पतिजन्य निळीचा कृत्रिम पर्यायही व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागल्यावर हा गोंधळ अधिकच वाढला. कालनिर्देश न पाहता 'नीळ' या शब्दाचा अर्थ लावणे धोक्याचे आहे.

कृत्रिम नीळ आणि हिरमजी, म्हणजे होर्मुझ बंदराच्या नावाने ओळखली जाणारी लोहयुक्त तांबडी माती, ही दोन्ही चुना सोसणारी द्रव्ये आहेत. ती एकत्र केल्यास भिंतीवर टिकणारी एक मंद, मातकट जांभळी छटा मिळते. खऱ्या अर्थाने हाच चुन्याच्या भिंतीचा पहिला सर्वसुलभ जांभळा. तो गडद असला तरी तेजस्वी नव्हता.

तेजस्वी जांभळा आला तो विल्यम हेन्री पर्किन याने १८५६ मध्ये लंडनमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, क्विनाइन करण्याच्या प्रयत्नात अपघाताने शोधलेल्या रंजकाच्या रूपाने. आणि त्यापाठोपाठ १८६१ मध्ये मेथिल व्हायोलेटच्या रूपाने. पुडीचा जांभळा रंग म्हणून जो घरोघर पोहोचला तो या वर्गातील. परंतु तीव्र क्षारात या वर्गातील रंजके विरंजित होतात. महाविद्यालयीन रसायनशाळेत हा प्रयोग आजही केला जातो. चुन्यात जांभळी पुडी कालवून भिंतीस दिली तर भिंत काही काळातच फिकी पडते ती यामुळे. दोष रंगविणाऱ्याच्या हाताचा नसतो.

१८६८ मध्ये मँगनीजपासून जांभळे खनिज रंगद्रव्य तयार झाले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून नागपूर व भंडारा जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी चालू झाल्या, म्हणजे जांभळ्या रंगाचा कच्चा माल विदर्भाच्या भूमीतूनच निघत होता. परंतु तो गेला पोलादाच्या कारखान्यांकडे. शिवाय हे विशिष्ट रंगद्रव्यही क्षार सोसत नाही, त्यामुळे चुन्याच्या भिंतीचा प्रश्न त्याने सुटला नसताच. तो सुटला १९२८ मधील डायॉक्साझीन आणि १९५८ पासून विक्रीस आलेल्या क्विनाक्रिडोन या वर्गांतील रंगद्रव्यांनी, व त्यांना धरून ठेवणाऱ्या नव्या बंधक द्रव्यांच्या रंगांनी. गडद, तेजस्वी आणि भिंतीवर टिकणारा जांभळा रंग ही अशा रीतीने गेल्या शंभर वर्षांच्या आतील गोष्ट आहे.

मार्कंड्यासारख्या गावात तो पोहोचण्यास आणखी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. एक म्हणजे वीज. तिच्यावाचून गडद भिंतीचा अंधार परवडत नाही. दुसरी म्हणजे सिमेंटची भिंत. १९८५ ची इंदिरा आवास योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री आवास योजना यांसारख्या योजनांनी गावोगावी ती आणली. सारवणाचा वार्षिक फेरा थांबला आणि काही वर्षे टिकणाऱ्या रंगाचे प्रयोजन प्रथमच निर्माण झाले.

६

या विवेचनातून इतिहासाच्या विद्यार्थ्यास एक साधन हाती लागते. जांभळी वा निळी भिंत ही कालमापक असू शकते. दाराच्या मागे, कोनाड्याच्या आत, तुळईच्या टेकणापाशी रंगाचे जुने थर बहुधा शाबूत राहतात. तेथे अंगुळभर जागेत पायरीपायरीने थर उघडे करून त्यांचा क्रम नोंदवावा. निळसर-जांभळ्या थरावर सौम्य आम्लाचा थेंब टाकता रंग उडून कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर ती कृत्रिम लाजवर्दी नीळ समजावी. साध्या घरात असा थर १८२८ पूर्वीचा असण्याचा संभव नाही. आम्लाने निळा भाग तसाच राहिला तर वनस्पतिजन्य निळीचा विचार करावा. क्षाराने तो तपकिरी झाला तर प्रशियन निळ्याचा. गडद तांबडी, जांभळटाकडे झुकणारी भिंत पाहून तिला घाईने 'जांभळी' म्हणू नये. गेरूवर्गीय माती अधिक भाजली असता व तिचे कण मोठे झाले असता तीही जांभळट दिसते, आणि तिच्यावरून काळ ठरत नाही.

रासायनिक परीक्षेइतकीच महत्त्वाची दुसरी साक्ष आहे. घराचा अंतर्भाग सारविणे व पोतारणे हे काम पिढ्यान् पिढ्या स्त्रियांनी केले आहे. पांढरी माती कोणत्या खाचरातून वा नाल्याकाठून आणावयाची, ती किती दिवस भिजवावयाची, गेरूत काय मिसळले असता तो अंगास लागत नाही, पट्टा कोठपर्यंत ओढावयाचा, हे ज्ञान कोणत्याही दप्तरात नाही. ते हातांत आहे, आणि ते हात आता वृद्ध झाले आहेत. देवळातील शिल्पांच्या मापांइतक्याच काटेकोरपणे हे ज्ञान टिपून घेतले पाहिजे. आणि घरमालकाच्या अनुज्ञेवाचून भिंतीस नखही लावता कामा नये, हे वेगळे सांगावयास नको.

नव्या घराच्या भिंतीस कोणी गडद जांभळा रंग दिला तर त्यात परंपरेचा ऱ्हास पाहण्याचे कारण नाही. जो रंग पूर्वी फक्त लुगड्यावर परवडत होता तो भिंतीवर परवडू लागला, एवढाच त्याचा अर्थ. हानी आहे ती जुनी भिंत न वाचताच पाडली जाण्यात. मार्कंड्याचे देवालय अनेक शतके अभ्यासकांची वाट पाहत उभे राहिले. आणखी काही वर्षे थांबण्यास ते समर्थ आहे. त्याच्या सावलीतील मातीची भिंत मात्र येत्या पावसाळ्यापलीकडचे आश्वासन देत नाही.